सोमवारी दोन लाख वाढणार!

पत्र : ताई, मला एकेरीच हाक मारा. आम्ही दोघंही नोकरी करतो, दोघांचे मिळून हातात १ लाख ३५ हजार येतात. कर्वेनगरला २४ हजार भाडं भरतो. साठवलेले १९ लाख आहेत, महिन्याला ३५ हजार बाजूला टाकतो. गेले अकरा महिने एकही रविवार घरी बसलो नाही, फ्लॅट बघतोय. वारज्यात रीसेलचा एक टू बीएचके मनात भरला. ७८ लाखांना ठरला, लाख रुपये टोकन दिलं, मी पडद्यांची मापंसुद्धा घेऊन आले. तीन आठवड्यांनी मालकांनी पैसे परत पाठवले, म्हणाले, ‘भाऊ तयार नाही.’ नंतर एजंटकडून कळलं, ८२ ला दुसऱ्याला दिला. आता रावेतला सतराव्या मजल्यावरचा फ्लॅट बघितलाय, बांधकाम चालू आहे. ८४ लाख, ऑल इन्क्लुझिव्ह. सेल्सचा मुलगा म्हणतो, रविवारपर्यंत बुकिंग करा, सोमवारी दोन लाख वाढणार. सासरे (आबा) कोरेगावकडची २० गुंठे विकून पैसे द्यायला तयार आहेत, तेवढीच जमीन आहे त्यांची. नवरा मात्र घराचा विषय काढला की उठून जातो, म्हणतो, जन्मभर भाड्याने राहू. वारज्याला आमचं काय चुकलं? आणि हे बुकिंग करू की नको?

— मापं घेऊन आलेली, कर्वेनगर

उत्तर :

बरं, एकेरीच लिहिते. तुझं पत्र माझ्यापर्यंत यायला आणि हे उत्तर छापून व्हायला दोन रविवार आणि दोन सोमवार गेलेत. आज त्या मुलाला फोन करून बघ. पैज लावते, जुनाच भाव ‘मॅडम, खास तुमच्यासाठी सरांशी बोलून’ अजून शिल्लक असेल. मी बावीस वर्षं एका बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर बसले. सोमवारी वाढणारे भाव मी गणपतीतही ऐकले, दिवाळीतही आणि पितृपक्षातही. त्या मुलाचं महिन्याचं टार्गेट असतं, त्याला घाई आहे, त्यात त्याचा दोष नाही. त्याची घाई तुम्ही आपल्या डोक्यावर घेऊन घरी आलात, एवढंच.

एव्हाना बुकिंगचे पैसे देऊन बसली असशील तरी घाबरू नकोस. महारेराच्या (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नमुना वाटपपत्राप्रमाणे, म्हणजे अलॉटमेंट लेटरप्रमाणे, पंधरा दिवसांच्या आत बुकिंग रद्द केलं तर काहीही कापायचं नसतं, त्यानंतर दिवसांप्रमाणे एक ते दोन टक्के कापतात. म्हणून नुसत्या बुकिंगच्या पावतीवर न थांबता वाटपपत्र माग आणि त्यातलं रद्द करण्याचं कलम तिथेच उभं राहून वाच. आणि साठेखताची (विक्रीच्या कराराची) नोंदणी झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत. हा रेरा कायदाच आहे, कुणी मेहरबानी करत नाही. कितीही गोड बोलला तरी दहा टक्क्यांच्या पुढे चेक फाडायचा नाही.

आता त्या ८४ लाखांकडे बघू. तू ब्रोशरचा फोटो पाठवलास ते बरं केलंस, कोपऱ्यात बारीक अक्षरात महारेराचा नोंदणी क्रमांक होता. मी तो महारेराच्या वेबसाइटवर टाकून बघितला. पाच मिनिटांचं काम आहे, फुकट आहे, आणि गंमत म्हणजे अकरा महिने रविवार घालवणारी माणसं ही पाच मिनिटं घालवत नाहीत. तुला ताबा डिसेंबर २०२८ ला सांगितलाय. बिल्डरने सरकारला स्वतः लिहून दिलेली तारीख डिसेंबर २०३० आहे. उशीर झाला असं कायद्याने म्हणायला सुरुवात होईल ती करारात छापलेल्या तारखेनंतर, आणि तिथे बहुतेक वेबसाइटवरचीच तारीख छापली जाईल. सेल्सच्या मुलाने तोंडी सांगितलेली तारीख तुला कुठेही दाखवता येणार नाही. उशीर झाला तर रेराखाली व्याज मागता येतं हे खरं. पण आदेश मिळणं वेगळं आणि पैसे खात्यात येणं वेगळं. आदेशाचा कागद घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात वसुलीसाठी खेटे घालणारे लोक मी बघितलेत.

आणि ‘ऑल इन्क्लुझिव्ह’. हा शब्द मला फार आवडतो, तो बोलताना सगळे एका दमात बोलतात, म्हणजे मध्ये कुणी प्रश्न विचारू नये. तू पाठवलेल्या कोटेशनमध्ये कराराची किंमत ७४ लाख आहे. त्यावर पाच टक्के जीएसटी म्हणजे ३ लाख ७० हजार. पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के, ५ लाख १८ हजार. नोंदणीचे ३० हजार. झाले ८३ लाख १८ हजार, वरचे किरकोळ धरून ८४. (नुसतं तुझ्या एकटीच्या नावावर घेतलं तर महिलांसाठी मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, म्हणजे ७४ हजार वाचतात. नवरा कर्जात सहकर्जदार राहू शकतो. पण सध्या घरात जे वारं आहे त्यात हा विषय काढायचा की नाही, ते तू ठरव.) यात दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स नाही. पंखे, ग्रिल, ट्रॉल्या, मच्छरजाळ्या, गीझर नाहीत. नव्या घरात शिरायलाच चार-पाच लाख जातात, आणि ते शेवटी जातात, म्हणजे खिशात काही उरलेलं नसतं तेव्हा.

बँक काय करेल? ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेने किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा घातलीय, आणि मुद्रांक शुल्क-नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे साधारण ५९ लाख. उरलेले २५ लाख तुमचे. तुमच्याकडे १९ आहेत. वरचे सहा आणि घरात शिरायचे पाच, असे अकरा लाख कुठून आणायचे? आबांच्या वीस गुंठ्यांतून. तुमची खरी अडचण ही आहे, बुकिंग करू की नको हा प्रश्न तिच्या मागून आलाय.

हप्ता बघ. हिशेबापुरता साडेआठ टक्के धरू, तुझी बँक कमी देत असेल तर उत्तमच. ५९ लाखांना वीस वर्षांसाठी महिना ५१ हजार २०० च्या आसपास. बांधकाम चालू असताना बँक स्लॅबप्रमाणे पैसे सोडते, तेव्हा दिलेल्या रकमेवर नुसतं व्याज चालू होतं आणि ते स्लॅबागणिक वाढत जातं. त्याच वेळी कर्वेनगरचं भाडंही चालूच. शेवटच्या वर्षात दोन्ही मिळून ७५ हजारांपर्यंत जाईल, म्हणजे तुमच्या हातातल्या पगाराच्या निम्म्याहून जास्त. त्यात ताबा दोन वर्षं लांबला तर? मूल झालं तर? तुमच्यापैकी एकाची नोकरी सहा महिने गेली तर? कर्जाच्या टेबलावर माझ्यासमोर रडलेल्या माणसांपैकी घर आवडलं नाही म्हणून कुणीच रडलं नव्हतं.

वारज्याचं सांगते. जे होतं ते बऱ्यासाठी होतं वगैरे मी म्हणणार नाही, पडद्यांची मापं घेऊन आलेल्या बाईला असलं काही सांगू नये. पण मी त्याही घराचा हिशेब मांडला. ७८ लाखांचे वीस टक्के म्हणजे १५ लाख ६० हजार, मुद्रांक शुल्क ५ लाख ४६ हजार, नोंदणी ३० हजार, एजंटचा एक टक्का ७८ हजार. बावीस लाखांच्या वर. तेही तुमच्या १९ मध्ये बसत नव्हतं. भाऊ तयार झाला असता तर तुम्ही तेव्हाच आबांकडे गेला असता.

तुमचं चुकलं म्हणशील तर एकच गोष्ट चुकली. भाऊ आहे हे तुम्हाला तीन आठवड्यांनी कळलं, ते पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. रीसेलचं घर आवडलं की ओटा बघण्याआधी सूची क्रमांक दोन बघायची. इंडेक्स टू म्हणतात तीच, नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा. तिच्यावर नावं किती आहेत, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नावं किती आहेत, दोन्हीकडची जुळतात का, तितकी माणसं समोर बसवून बोलणी करायची. वडील वारलेत आणि मुलगा म्हणतोय ‘मी नॉमिनी आहे’, तर लगेच उठायचं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बहिणींसकट सगळे वारस आले पाहिजेत. टेबलावर माझ्याकडे आलेल्या दर दहा अडलेल्या प्रकरणांत निदान तीन-चारांत न दिसणारा एक भाऊ किंवा बहीण असायची, आणि ती नेहमी टोकन दिल्यावरच उगवायची.

टोकनही नुसतं व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डन’ म्हणून द्यायचं नाही. विसार पावती, म्हणजे आगाऊ रकमेची लेखी पावती करायची, सगळ्या मालकांच्या सह्यांची. त्यात साठेखत किती दिवसांत करायचं ती तारीख, आणि कर्ज नामंजूर झालं किंवा कागदात खोट निघाली तर विसार पूर्ण परत, हे वाक्य. तुमच्या मालकांनी लाख रुपये परत तरी पाठवले. कोर्टात जाऊन घर मागायचा रस्ता असतो, पण एका टोकनच्या मेसेजवर त्या वाटेला जा असं मी माझ्या सख्ख्या भाचीलाही सांगणार नाही.

मी स्वतः यातलं काही बघितलं नव्हतं, हे कबूल करते. आमचं पहिलं घर सिंहगड रोडला, १९९७ साली. बिल्डरचं नाव सांगून उपयोग नाही. ताबा दीड वर्ष लांबला. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्याजोगी झाली असा महापालिकेचा दाखला) हा शब्द मला माहीत नव्हता, आणि मी तेव्हा बँकेत होते! दिवाळीच्या आत राहायला जायचंच म्हणून आम्ही अर्धवट घरात शिरलो. घाई आमची होती, बिल्डरला तेच हवं होतं. ओटा झालेला नव्हता. सासूबाईंनी स्टोव्ह स्वयंपाकघराच्या फरशीवर मांडला, पातेल्याला हळदकुंकू लावलं, दूध उतू घातलं. सगळ्यांनी हात जोडले. मग ते दूध निघालं. मोरीकडे जायचं सोडून उंबऱ्यावरून हॉलमध्ये आलं आणि हॉलमधून पाहुण्यांच्या सतरंजीखाली गेलं. सासूबाई म्हणाल्या, ‘लक्ष्मी घरभर फिरली गं.’ आमचे हे गवंड्यासारखे एक डोळा मिटून फरशीची लेव्हल बघत बसले. पुढची नऊ वर्षं स्वयंपाकघर धुतलं की हॉल पुसावा लागायचा. भोगवटा नाही म्हणून नळ नाही, पहिली चार वर्षं टँकर. पहाटे साडेपाचला टँकरवाल्याचा पाइप आला की अख्खी सोसायटी चपला न घालता खाली पळायची.

त्यामुळे आता कुणाबरोबर घर बघायला गेले की पर्समध्ये पाण्याची बाटली नेते. बाथरूममध्ये आणि गॅलरीत ओतायची, पाणी कुठे जातं ते बघायचं. घरमालक जरा विचित्र बघतात, बघू देत. शक्यतो घर पावसाळ्यात बघावं, आणि कपाट भिंतीला लावलेलं असेल तर त्याच्या मागे हात घालून बघावा. रंग नुकताच दिलाय, तोही एकाच भिंतीला, तर ती भिंत विशेष प्रेमाने बघावी. आणि रावेत काय, कुठलंही ठिकाण काय, रविवारी अकरा वाजता बघू नये. रविवारी अकराला एरवी गाड्यांनी तुंबलेला भूमकर चौकसुद्धा कुणालाही आवडेल. मंगळवारी सकाळी नऊला तिथून तुझ्या ऑफिसला निघ आणि संध्याकाळी परत जा. एकदाच. मग ठरव.

आबांच्या जमिनीचं. तुझ्या पत्रात हे एका ओळीत आलंय, पण माझा जीव तिथेच अडकला. ते देतायत ते प्रेमाने देतायत यात शंका नाही. पण तेवढीच जमीन आहे, असं तूच लिहितेस. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर घेणारा आधी शेतकरी असावा लागतो. ती वीस गुंठे गेली की सातबाऱ्यावरून नाव गेलं, आणि उद्या तुझ्या नवऱ्याला गावाकडे चार गुंठे घ्यावेसे वाटले तर सरळ मार्गाने घेता येणार नाहीत. दुसरं, जमीन वडिलोपार्जित असेल तर तुझ्या नणंदेचा त्यात भावाइतकाच हक्क आहे. (नणंद आहे की नाही हे तू लिहिलेलं नाहीस, पण असेलच असं आपलं मला वाटतं.) तिची सही लागेल. ती देईलही, भावाच्या घरासाठी बहिणी देतात. आणि मग प्रत्येक राखीपौर्णिमेला ती सतराव्या मजल्यावरच्या त्या हॉलमध्ये बसेल तेव्हा तुला काय वाटेल, याचा विचार कर.

तुझा नवरा उठून का जातो, मला वाटतं ते इथेच आहे. तुला वाटत असेल की त्याला घराचा कंटाळा आला. मला तसं वाटत नाही. टोकन परत आलं तेव्हा त्याने ते कुणाला सांगितलं असेल? आबांना त्यानेच सांगितलं असणार, आणि त्याचं उत्तर म्हणून आबांनी जमीन काढली. बापाला शेवटची जमीन विकायला लावणारा मुलगा, असं त्याला स्वतःकडे बघावं लागतंय. जन्मभर भाड्याने राहू हे तो घराबद्दल बोलत नाहीये. तू त्याला एवढंच सांगून बघ की आबांची जमीन आपण घेणार नाही, घर त्याशिवाय होईल तेवढंच घेऊ. बाकी हिशेब दुसऱ्या दिवशी. आणि आबांना फोन त्याला करू दे, तू करू नकोस.

तर मग किती घेऊ, असं विचारशील. तुमच्या १९ लाखांत आज बसणारं घर ६० लाखांच्या आसपासचं आहे. बँक ४८ देईल, तुमचे १२, मुद्रांक शुल्क ४ लाख २० हजार, नोंदणी ३० हजार, एजंट ६० हजार, सोसायटीचं हस्तांतर शुल्क जास्तीत जास्त २५ हजार. (महापालिका हद्दीत सोसायटीला त्याहून जास्त प्रीमियम मागता येत नाही. ‘बिल्डिंग फंडाला स्वेच्छेने द्या’ म्हणतील, तेव्हा ती स्वेच्छा तुमची आहे की सेक्रेटरींची ते विचारावं.) सतरा-साडेसतरा लाखांत बसतं, दीडेक लाख हातात राहतात. हप्ता ४२ हजारांच्या आत, भाडं बंद. रीसेलला जीएसटी नाही. किंमत पन्नास लाख किंवा वर असेल तर मालकाला पैसे देताना एक टक्का टीडीएस तुम्हाला कापून भरावा लागतो, हे तेवढं विसरू नका. नंतर दंड भरायला तुम्हीच जाता, मालक नाही.

६० मध्ये वारज्यात टू बीएचके लिफ्टसकट मिळणार नाही, माहीत आहे. पंधरा-वीस वर्षं जुनी इमारत मिळेल, कदाचित लिफ्ट नसलेली, तिसऱ्या मजल्यावर. किंवा आंबेगाव, धायरी, नऱ्हे. किंवा मोठा वन बीएचके. किंवा एक वर्ष थांबायचं. तुम्ही महिना ३५ हजार बाजूला टाकता असं लिहिलंयस, म्हणजे वर्षाला चार लाख. तोवर भाव वाढतील म्हणून सगळे घाबरवतील. वाढतीलही थोडे. पण १९ चे २३ होतील, आणि २३ लाख खिशात असणारी माणसं टोकन देताना वेगळी बोलतात. जुन्या इमारतीत बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस किंमत कमी लावू शकतो, आणि कर्ज त्याच्या आकड्यावर मिळतं. म्हणून विसार देण्याआधी बँकेला विचारून घ्या, त्या इमारतीत आधी कर्ज दिलंय का. दिलं असेल तर अर्धी कागदपत्रं बँकेच्या वकिलाने आधीच चाळलेली असतात.

दर महिन्याच्या चारपैकी दोन रविवार घर बघू नका. हे मी सल्ला म्हणून नाही, अट म्हणून सांगतेय. कर्वेनगरला असून अकरा महिन्यांत सिंहगडावर एकदाही गेला नसाल.

पडद्यांच्या मापांचा कागद टाकलास का? ठेवला असशील तर राहू दे. कुठल्या तरी बेडरूमच्या खिडकीला ती मापं लागतीलही.

आणि त्या मुलाला फोन करशील तेव्हा किमतीचं विचारू नकोस. तुम्ही सांगता २०२८ आणि महारेराच्या वेबसाइटवर २०३० का, एवढंच विचार. तो काय म्हणाला ते मला कळव, मी पुढच्या महिन्यात छापते.